'असं म्हणतात का?' : नेटिव्ह स्पीकरला इंग्रजीबद्दल प्रश्न कसे विचारावेत

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं इंग्रजी व्याकरण मुळात वाईट नसतं. ॲक्टिव्ह-पॅसिव्ह, डायरेक्ट-इनडायरेक्ट शाळेत घोटून झालेलं असतं, मार्कही बरे पडलेले असतात. अडतं ते परदेशात नोकरीला किंवा शिकायला आल्यावर. वाक्य नियमात बसतं, समोरच्याला अर्थही कळतो, तरी तो क्षणभर थबकतो आणि मग उत्तर देतो. तो का थबकला हे पुस्तकात सापडत नाही, ते त्यालाच विचारावं लागतं. आणि विचारायला गेलं की 'इज धिस करेक्ट?' 'येस, दॅट्स फाइन', एवढ्यावर विषय संपतो. हाती काही लागत नाही.

मी ग्लासगोला असते. नव्याने येणारी मराठी मुलंमुली, कुणाकुणाचे आईवडीलसुद्धा, या बाबतीत जे विचारतात ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा लेख. उदाहरणं ब्रिटनमधली जास्त आहेत, पण रीत टोरांटो, मेलबर्न, न्यू जर्सीत किंवा हिंजवडीत बसून रोज परदेशी टीमशी कॉलवर बोलणाऱ्यांनाही चालेल.

सूत्र आधीच सांगून टाकते. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याच्या कानावर विश्वास ठेवा, त्याने दिलेल्या कारणावर नको. आपलंच बघा ना. 'खुर्ची' ती, 'टेबल' ते, 'दरवाजा' तो, हे कुठलाही मराठी माणूस झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण का, असं विचारलंत की एकतर गप्प बसेल नाहीतर काहीतरी ठोकून देईल. इंग्रजीवाल्यांची गत काही वेगळी नाही.

काय काय लागेल

- एक छोटी वही किंवा फोनमधली एक नोट. दिवसभरात अडलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायला. 'नंतर लिहू' म्हटलं की शब्द बदलतात आणि नेमकं अडलेलं ठिकाणच हरवतं.
- विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कॉलिन्स, यांतला कुठलाही. सगळे नेटवर फुकट आहेत.
- विचारायला दोन-तीन माणसं. एकावर भागत नाही, का ते पुढे येईलच.
- एखाद्या कॉर्पसवर, म्हणजे खऱ्या वाक्यांच्या मोठ्या साठ्यावर, उघडलेलं खातं. हे पहिल्याच दिवशी नसलं तरी चालेल.

इंग्रजी-मराठी कोश या कामाला फारसा उपयोगी पडत नाही. तो अर्थ सांगतो. आपल्याला हवा असतो वापर.

1. आधी प्रश्न चाळून घ्या

माणसाचा वेळ घेण्याआधी कोशात मिळतं ते कोशातून घ्या. 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' लागतं का? नाही. 'एक्स्प्लेन मी' चालतं का? नाही, 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज' यांचं अनेकवचन होतं का? नाही. हे सगळं विद्यार्थी-कोशात शब्दाशेजारीच छापलेलं असतं. नामापुढे 'सी' किंवा 'यू' अशी खूण असते. 'सी' म्हणजे मोजता येणारं, 'यू' म्हणजे न येणारं. क्रियापदापुढे त्याला काय जोडायचं याचे नमुने असतात. आपण अर्थ बघून पान बंद करतो आणि ही माहिती तशीच राहून जाते.

असे कोश मुळातच बाहेरून येणाऱ्यांसाठी झाले. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांना काय अडतं ते बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढला. आजचा ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश त्याच घराण्यातला. म्हणून आपल्याला पडणारे निम्मेशिम्मे प्रश्न त्यात आधीच कुणीतरी विचारून ठेवलेले सापडतात.

माणसाला विचारायचे प्रश्न उरतात ते असे: हे उद्धट वाटतं का? हे जुनाट वाटतं का? हे आमच्या मॅनेजरला लिहिलं तर चालेल का? या दोन वाक्यांत फरक काय?

2. कुणाला विचारायचं

ज्याच्याशी तुमचं बरं जमतं आणि जो तोंडावर 'नाही' म्हणू शकतो, अशा माणसाला. तो सुशिक्षित, साहित्यिक वगैरे असण्याची गरज नाही. इंग्रजीचा शिक्षक असेल तर उत्तमच, कारण परक्याला काय अडतं हे त्याला माहीत असतं. तुमचा थेट बॉस शक्यतो नको. एक तर तो घाईत असतो, दुसरं म्हणजे तुमच्या इंग्रजीबद्दल त्याच्या मनात उगाच शंका कशाला पेरा.

शोधायला कुठे जायचं? परदेशात असाल तर जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी इंग्रजी संभाषणाचे गट भरतात, फुकट असतात आणि तिथे येणारे स्वयंसेवक असल्या प्रश्नांसाठीच आलेले असतात. घरबसल्या हवं असेल तर टँडम, हॅलोटॉक अशी ॲप्स आहेत. त्यात देवाणघेवाण असते, तुम्ही त्यांना तुमची भाषा शिकवायची. मराठी शिकणारे कमी भेटतात हे खरं, पण हिंदी येत असेल तर जोडीदार लवकर मिळतो.

आणि एक जागा आपण कायम विसरतो. तिकडेच जन्मलेली आपली भाचरं-पुतणे. त्यांची पहिली भाषा इंग्रजीच असते. महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांत 'ळ' म्हणताना जी मुलं रडकुंडीला येतात, तीच इंग्रजीत तुमचे गुरू होऊ शकतात. शिवाय भिडेचा प्रश्नच नाही. पंधरा वर्षांची पुतणी 'काका, नोबडी सेज दॅट!' असं जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत सांगते. हापिसातला सभ्य सहकारी हे सात जन्मांत सांगणार नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की पोरांचं इंग्रजी पोरांचं असतं. त्यांनी 'मस्त' म्हटलेलं वाक्य कव्हर लेटरमध्ये घालू नका.

'मग आपलं भारतीय इंग्रजी चूकच का?' असं कुणीतरी विचारतंच. नाही. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी 1985 मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली, त्यात भारतासारख्या देशांचं इंग्रजी ही स्वतःच्या पायावर उभी असलेली रूपं मानली आहेत. 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या कोशात आहे, 'भारतीय इंग्रजी' अशी खूण करून. तेव्हा ग्लासगोतला माणूस 'असा शब्दच नाही' म्हणाला तर त्याचा अर्थ 'आमच्याकडे नाही' एवढाच घ्या. पुण्यातल्या मीटिंगमध्ये बिनधास्त वापरा, ग्लासगोत 'कॅन वी ब्रिंग इट फॉरवर्ड?' म्हणा.

3. वाक्य पूर्ण द्या आणि प्रसंग सांगा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबते.

हापिसात कुणी म्हणालं, 'आय लाइक फिश.' तुम्हाला म्हणायचंय, 'मलापण आवडतात.' तोंडून निघतं, 'ईव्हन आय लाइक फिश.' समोरचा थबकतो. संध्याकाळी तुम्ही मित्राला विचारता, 'ईव्हन आय लाइक फिश, इज इट करेक्ट?' तो म्हणतो, 'येस.' आणि तो खोटं बोलत नाहीये. वाक्य व्याकरणात चोख आहे. पण ते ऐकून त्याच्या मनात येतं ते असं: 'इतरांचं सोडा, ज्याला मासे आवडतील असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं, अशा मलासुद्धा आवडतात.' प्रसंग न सांगता विचारलंत, तर तो स्वतःच्या डोक्यात वाक्याला शोभेलसा प्रसंग तयार करतो आणि त्यावरून हिरवा कंदील दाखवतो. प्रसंग सांगितला असतात तर लगेच म्हणाला असता, 'अरे, मग सो डू आय म्हण, किंवा आय लाइक फिश टू.'

तसंच 'वुड'चं. 'द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे' हे आपल्याकडच्या ईमेलांत सर्रास असतं. 'विल'पेक्षा 'वुड' अदबीचं, असा आपला समज. वाचणारा नेटिव्ह वाट बघत राहतो: वुड बी हेल्ड, पण कशावर अवलंबून? तुम्ही सुटं वाक्य दाखवलंत तर 'ठीक आहे' म्हणेल, कारण 'जर-तर'च्या मजकुरात ते खरंच ठीक असतं.

म्हणून प्रश्नात या चार गोष्टी हव्यातच: पूर्ण वाक्य, त्याच्या आधीचं समोरच्याचं वाक्य, कोण कुणाला म्हणतंय, आणि बोलायचंय की लिहायचंय. याशिवाय तुम्हाला काय म्हणायचं होतं तेही साध्या शब्दांत सांगा. असा प्रश्न साधारण या चालीवर विचारता येतो:

'माय कलीग सेड, आय लाइक फिश. आय वॉन्टेड टू से दॅट आय लाइक इट ॲज वेल. आय सेड, ईव्हन आय लाइक फिश. वुड यू से दॅट?'

लांबलचक वाटतं, पण उत्तर एका फेरीत मिळतं.

4. 'बरोबर आहे का' असं विचारूच नका

'करेक्ट' शब्द आला की समोरच्याच्या अंगात शाळेतले मास्तर येतात. तो कानाने ऐकायचं सोडून लहानपणी पाठ केलेले नियम आठवायला लागतो. त्याऐवजी हे तीन प्रकार वापरून बघा.

पहिला: 'हाऊ वुड यू से धिस?' तुमचं वाक्य दाखवूच नका. प्रसंग सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐका. आपलं वाक्य आधी दाखवलं की तो तेच थोडंफार दुरुस्त करून परत देतो. स्वतःचं म्हणून जे म्हणाला असता, ते मग कळतच नाही.

दुसरा: दोन वाक्यं ठेवा आणि कुठलं म्हणशील ते विचारा. तुमची पसंती कुठली हे चेहऱ्यावरही दिसू देऊ नका. माणसं भली असतात, तुमच्या बाजूने कौल देतात.

तिसरा, माझ्या मते सगळ्यात गुणी: बरोबर-चूक सोडा, अर्थ विचारा. 'हे ऐकून काय झालं असं वाटतं?' आपण म्हणतो, 'मला काल ते पूर्ण करता आलं', आणि इंग्रजीत लिहितो, 'आय कुड फिनिश इट यस्टर्डे.' हे आणि 'आय मॅनेज्ड टू फिनिश इट यस्टर्डे' अशी दोन्ही वाक्यं समोर ठेवून विचारा, काम झालं की नाही? दुसऱ्यावर तो ठामपणे 'झालं' म्हणेल. पहिल्यावर घुटमळेल. घडून गेलेल्या एखाद्याच वेळच्या यशासाठी इंग्रजीत 'कुड' सहसा वापरत नाहीत, 'मॅनेज्ड टू' किंवा 'वॉज एबल टू' म्हणतात. नकारात मात्र 'आय कुडन्ट फिनिश इट' अगदी सरळ चालतं. हा फरक 'करेक्ट का?' विचारून कधीच बाहेर आला नसता.

एकाच बैठकीत तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नका. पाच-सहा वेळा घोळलं की कुठलंही वाक्य विचित्र वाटायला लागतं आणि माणूस म्हणतो, 'आता मलाच कळेना.' पहिली प्रतिक्रिया तीच खरी धरा. 'अं...' करून तो थांबला असेल तर तो थांबा हेच तुमचं उत्तर आहे.

5. वेळ आणि रीत

मीटिंगमध्ये, कुणी बोलत असताना मध्येच, किंवा वीस जणांच्या ग्रुपवर विचारू नका. चहाच्या वेळी, एका बैठकीत एक-दोन प्रश्न. 'कॅन आय पिक युअर ब्रेन्स अबाउट अ सेंटेन्स?' ही ब्रिटनमधली सुरुवात बरी. अमेरिकेत 'ब्रेन' असं एकवचन करतात.

'आय हॅव अ डाउट' अशी सुरुवात टाळा. आपल्याकडे 'डाउट' म्हणजे शंका, प्रश्न. तिकडे ऐकणाऱ्याला वाटतं, याचा माझ्यावर विश्वास नाही. 'आय हॅव अ क्वेश्चन' पुरेसं आहे.

उत्तर मिळाल्यावर हुज्जत घालायची नाही. 'पण आमच्या पुस्तकात तर...' हे वाक्य गिळून टाका. त्या माणसाने तुम्हाला त्याचा कान उसना दिलाय, तो व्याकरणाची परीक्षा द्यायला बसलेला नाही. हुज्जत घातलीत की पुढच्या वेळेपासून 'दॅट्स फाइन' सुरू.

6. उत्तर कसं ऐकायचं

अमेरिकन माणूस त्यातल्या त्यात सरळ बोलतो. ब्रिटिश माणूस तुमची चूक सांगताना स्वतःच ओशाळतो. त्यामुळे शब्द एक असतात आणि अर्थ वेगळा.

'आय नो व्हॉट यू मीन' किंवा 'आयड अंडरस्टँड यू' – वाक्य बदला. कळतं, पण असं कुणी म्हणत नाही.

'यू कुड से दॅट' – 'कुड'वर जोर असेल तर बदला.

'इट्स नॉट राँग, बट...' – 'बट'च्या आधीचं सोडून द्या, नंतरचं लिहून घ्या.

'इट साउंड्स अ बिट फॉर्मल' – बहुधा आपल्या सरकारी पत्रांतून आलेला वाक्प्रचार आहे. 'काइंडली डू द नीडफुल' त्यातलंच. एकेकाळी तिकडच्या कचेऱ्यांतही ते चालायचं. त्यांनी सोडलं, आपण धरून ठेवलं.

'युअर इंग्लिश इज ग्रेट!' – हे उत्तरच नाही. गोड हसा आणि पुन्हा विचारा: 'थँक्स, बट व्हॉट वुड यू से?'

'क्वाइट गुड' – ब्रिटिश माणसाने म्हटलं तर 'बरंय'. अमेरिकन माणसाने म्हटलं तर 'छानच'. ईमेलचा मसुदा दाखवून हे ऐकलंत तर आधी माणूस कुठला ते बघा.

7. नियम मागू नका, नमुने मागा

'का?' हा आपला आवडता प्रश्न. तो गिळायला शिकावं लागतं. नेटिव्ह माणसाला का ते सहसा माहीत नसतं, आणि माहीत असल्यासारखं वाटतं तेव्हा तर जास्त सावध राहावं. 'वाक्य प्रेपोझिशनवर संपवू नये' हे तुम्हाला नक्की कुणीतरी सांगेल. इंग्रज कवी जॉन ड्रायडनने 1672 मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणात असली वाक्यं दाखवून नावं ठेवली, आणि पुढे हा नियम शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. बोलताना तोच माणूस 'हू आर यू टॉकिंग टू?' म्हणतो. 'टू हूम आर यू टॉकिंग?' असं म्हणालात तर तोच हसेल.

दुसरी गंमत. लहानपणी 'मी अँड जॉन वेंट' म्हटल्यावर आईने 'जॉन अँड आय' असं सुधारलेलं असतं. त्या धसक्याने मोठेपणी कित्येक जण जिथे इंग्रजी 'मी' (me) हवं तिथेही 'बिटवीन यू अँड आय' म्हणतात. म्हणजे नियम सांगणाऱ्याचाच नियम चुकलेला. कान शाबूत असतो, शाळेने त्यावर चढवलेले थर त्रास देतात.

मग करायचं काय? 'मला याची तीन वाक्यं दे, आणि एक असं दे जिथे हे चालणार नाही.' बस. 'बिग' आणि 'लार्ज'मधला फरक विचारलात तर उत्तर मिळणार नाही. वाक्यं मागितलीत तर 'बिग मिस्टेक', 'बिग डिसिजन', 'बिग सिस्टर' एका बाजूला पडतात आणि 'लार्ज अमाउंट', 'लार्ज नंबर' दुसऱ्या बाजूला. 'लार्ज मिस्टेक'वर तो नाक मुरडेल. नमुने हाती आले की नियम तुमचा तुम्हीच लावा, नंतर कोशात ताडून बघा. परक्याचा एक फायदा असतो, त्याला हे बाहेरून दिसतं.

8. दुसऱ्या गावच्या माणसाला विचारा

'नेटिव्ह' म्हणजे कुठला नेटिव्ह? हा प्रश्न सुरुवातीला कुणाच्या डोक्यातच येत नाही.

ग्लासगोत हापिसच्या किचनमध्ये किटलीवर चिठ्ठी असते: 'धिस नीड्स क्लीन्ड.' शाळेत शिकलेलं 'नीड्स टू बी क्लीन्ड' किंवा 'नीड्स क्लीनिंग' इथे बोलण्यात मागे पडतं. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर आयर्लंडमध्ये ही रचना अगदी रोजची आहे, अमेरिकेत पिट्सबर्गच्या बाजूलाही ऐकू येते. इथल्या सहकाऱ्याला विचारलंत तर तो शपथेवर सांगेल की बरोबर आहे. लंडनच्या क्लायंटला लिहून पाठवलंत तर त्याला वाटेल मधले दोन शब्द गळले. 'आउटविथ'चंही तेच. 'बाहेर', 'पलीकडे' या अर्थी तो इथे विद्यापीठांच्या नियमावलीतसुद्धा छापलेला असतो. तो स्कॉटिश शब्द आहे हे कित्येक स्कॉटिश लोकांना इंग्लंडमधल्या कुणीतरी भुवया उंचावल्यावरच कळतं.

याची एक बाजू आपल्या फायद्याची. 'व्हेअर डू यू स्टे?' हे आपण 'कुठे राहता?' या अर्थी विचारतो आणि लंडनमध्ये ऐकणाऱ्याला वाटतं, हॉटेल विचारतायत. ग्लासगोत मात्र लोक सर्रास असंच विचारतात. इथे येऊन हे वाक्य सुधारायच्या भानगडीत पडू नका.

समुद्र ओलांडला की फरक वाढतो. ब्रिटनमध्ये 'ॲट द वीकेंड', 'इन हॉस्पिटल'. अमेरिकेत 'ऑन द वीकेंड', 'इन द हॉस्पिटल'. 'डिफरंट टू' ब्रिटनमध्ये, 'डिफरंट दॅन' अमेरिकेत, 'डिफरंट फ्रॉम' दोन्हीकडे, म्हणून तेच धरा. 'हाफ टेन' म्हणजे ब्रिटनमध्ये साडेदहा. अमेरिकन माणूस विचारात पडतो. आणि मीटिंगमध्ये जपून: एखादा मुद्दा 'टेबल' करा असं ब्रिटिश म्हणाला तर तो आत्ता चर्चेला घ्यायचाय, अमेरिकन म्हणाला तर बाजूला ठेवायचाय. दोन्हीकडची माणसं एकाच कॉलवर असतील तर हा शब्दच टाळा.

तेव्हा वहीत उत्तराशेजारी माणसाचं गाव लिहा. दोन गावांची उत्तरं जुळली की निर्धास्त वापरा. नाही जुळली तर तुम्हाला ज्यांच्यात राहायचंय त्यांचं घ्या.

9. कॉर्पसमध्ये पडताळा

एका माणसाचा कान म्हणजे शेवटी एकच माणूस. लाखो वाक्यांत काय दिसतं तेही बघता येतं. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे 10 कोटी शब्द आहेत, मुख्यतः 1990च्या आसपासचे. अमेरिकन इंग्रजीचा कोका हा कॉर्पस 1990 ते 2019 या काळातला आणि 100 कोटींहून मोठा. दोन्ही नेटवर एकाच ठिकाणी खातं उघडून वापरता येतात. फुकट खात्याला रोजच्या शोधांची मर्यादा असते, पण आपल्याला चार-पाचच लागतात.

शोधताना आकडा बघून पळू नका. 'डिस्कस अबाउट' टाकलंत तर काही वाक्यं सापडतीलच, म्हणून ते चालतं असं नाही. नुसतं 'डिस्कस' किती वेळा येतं त्याच्याशी तुलना करा, आणि चार वाक्यं उघडून कोण बोलतंय ते वाचा. बोलणं आहे, वर्तमानपत्र आहे की शोधनिबंध, हे बाजूला दिलेलं असतं. गुगलवर अवतरणचिन्हांत वाक्य टाकून दिसणाऱ्या निकालांच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, तो फार ढोबळ असतो. गुगलचा एनग्रॅम व्ह्यूअर छापील पुस्तकांवर चालतो. एखादा शब्द कधी जुना झाला हे बघायला झकास, आजचं बोलणं कळायला नाही.

चॅटजीपीटीसारख्यांना विचारायलाही हरकत नाही, रात्री दोन वाजता माणूस कुठे सापडणार. पण चौथ्या पायरीतलं पथ्य तिथे दुप्पट पाळा. तुमचा कल दिसला की ते तुमच्याच बाजूने बोलायला लागतं, आणि कारणं तर इतकी टापटीप देतं की खोटीसुद्धा खरी वाटावीत. त्याच्याकडून पर्यायी वाक्यं घ्या आणि ती माणसापुढे ठेवा.

10. सुरुवातीला ही वाक्यं विचारून बघा

मराठीतून इंग्रजीत जाताना हमखास सोबत येणारी ही वाक्यं आहेत. उत्तरं मुद्दाम सगळी देत नाही. वर सांगितलेल्या पद्धतीने प्रसंगासकट दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांना विचारा.

- 'आय केम यस्टर्डे ओन्ली.' (प्रसंग: 'तू कधीपासून इथे?' 'मी कालच आलो.')
- 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स 2019.' हे व्याकरणातच अडतं, कोशातही सापडेल. पण समोरचा त्याऐवजी काय म्हणतो ते ऐका, आणि 'लिव्हिंग'च म्हणतो की नुसतं 'लिव्ह्ड', ते टिपा.
- 'यू आर कमिंग, इझन्ट इट?' आपला 'येतोयस ना?' यात नेटिव्ह माणूस शेवटचे दोन शब्द काय करतो? ब्रिटनमधल्या तरुणांना विचाराल तर एक वेगळंच उत्तर मिळण्याची शक्यता आहे.
- 'आय विल गो अँड कम.' शेजारणीला 'जाऊन येते हं' म्हणायचंय. इथे शब्द बदलून भागत नाही. अशा वेळी तिकडे मुळात काही म्हणतात का, हे विचारा.
- 'प्लीज रिव्हर्ट.' ईमेलच्या शेवटी. हे हापिसातल्या माणसालाच विचारा, आणि कायद्याच्या क्षेत्रातलं कुणी ओळखीचं असेल तर त्यालाही.
- 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग.' हे आणि 'आय डोन्ट अंडरस्टँड' दोन्ही ठेवा, आणि कुठलं कधी म्हणशील असं विचारा. 'पहिलं कधीच नाही' असं झटकन उत्तर आलं तर थोडं थांबून 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग व्हाय ही लेफ्ट' हे पुढे करा आणि तो घुटमळतो का ते बघा.